चार चमचे आणि पाठीतलं पाणी

ये गं, अशी जवळ ये. कागदावर लिहितेय म्हणून काय झालं, मावशी समोर बसून बोलतेय असं समज आणि जवळ सरकून ऐक. आधी मला तुला रागवायचं आहे. तुझ्या नणंदेकडच्या बारशाला बायका जमल्या होत्या, तिथे कुणीतरी म्हणालं की बेंगळुरूच्या पीण्यातल्या मावशीनं स्वतःच्या नातीच्या पाठीत सुई खुपसायला लावली, आणि तू म्हणे मान डोलावलीस. सख्ख्या बहिणीची लेक तू. देवनहळ्ळीहून माझ्या घरी यायला तुला एक बस बदलावी लागते, फोन करायला तर तेवढंही नाही. एकदा विचारावंस की नाही, मावशी, नेमकं काय झालं होतं? नाही विचारलंस. मग आता मी न विचारता सांगते, आणि तू मध्ये उठायचं नाही. तुझ्या कडेवर आता दहा महिन्यांचं पोर आहे, म्हणून तर जास्तच सांगते. ऐकताना किळस येईल. येऊ दे. मला अजून येते.

तुला ठाऊक आहे, मी शाळेत चौथीपर्यंत गेले, तेही निपाणीकडच्या आमच्या खेड्यात, मास्तर आले त्या दिवशी. लग्न होऊन बेंगळुरूला आले ती थेट पीण्याला, कारखान्यांच्या वस्तीत. तुझे काका लेथवर. घरी आले की हाताला तेलाचा वास आणि डोळ्यांत लोखंडाचा कीस. कधी कण डोळ्यात जायचा, कधी बोट कापायचं, मग कारखान्याच्या दवाखान्यातून बाटल्या नि गोळ्या घरी यायच्या. मी त्या बाटल्यांवरून इंग्रजी शिकले. खरं सांगते. कन्नड शिकले बसच्या पाट्यांवरून आणि इंग्रजी शिकले औषधाच्या लेबलांवरून. कुठलं जेवणाआधी, कुठलं जेवणानंतर, कुठलं हलवून द्यायचं, सगळं वाचता यायला लागलं. गल्लीतल्या बायकांना ते यायचं नाही. त्या यायच्या, "अक्का, मगूला, बाळाला ताप आलाय, काय देऊ?" आणि मी सांगायची. सांगता सांगता मी गल्लीची अर्धी डॉक्टरीण झाले. तो मान फार गोड होता गं. तो गेला म्हणून नव्हे, तो मी इतकी वर्षं चघळला याची मला आता लाज वाटते.

माझ्या फ्रिजच्या दारात खालचा कप्पा औषधांचा. कुणाचं पोर बरं झालं की उरलेली बाटली माझ्याकडे यायची. टाकायची कशाला, अक्काकडे ठेवा, लागली तर लागेल. अर्ध्या बाटल्या, पाव बाटल्या. झाकणांच्या कडेला वाळलेलं सिरप चिकटलेलं, एकीच्या तोंडाशी मुंगी मरून पडलेली, एकीवरचं लेबल दह्याच्या ओघळानं पुसलेलं. तोच कप्पा मी लोकांना उघडून दाखवायची, जशा काही बायका लोणच्याच्या बरण्या दाखवतात.

आता सून. ती पुण्याची, कॉम्प्युटरवाली. आठवड्यात तीन दिवस ऑफिस, दोन दिवस आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून घरूनच काम. मुलगी गुणी आहे, मला उलटून बोललेली नाही. पण नातीला शिंक आली तरी तिचं एकच, "आई, आधी डॉक्टरांना विचारूया." आवाज हळू, चेहरा हसरा. तो हळू आवाज मला टोचायचा. वाटायचं, सगळी गल्ली मला विचारते आणि माझ्याच घरात मला कोणी विचारत नाही.

नात तेव्हा वीस महिन्यांची होती. मंगळवारी अंग तापलं. सुनेनं फोनवर डॉक्टरांना विचारलं, त्यांनी तापाचं औषध द्या, अंग पुसा, शुक्रवारपर्यंत उतरला नाही तर घेऊन या, असं सांगितलं. बुधवारी तिला ऑफिसात जावंच लागलं. ताप होताच. संध्याकाळी पोर मांडीवर चिडचिड करत होती, आणि मी फ्रिजचं दार उघडलं.

वरच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या, तिलाही अक्काच म्हणतात, नातवाचा घसा सुजला होता, त्याची बाटली होती. पावडरची असते बघ, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून हलवायची. गुलाबी, संत्र्याच्या वासाची. अँटिबायोटिक. पाणी कधी घातलं होतं देव जाणे. लेबलवर लिहिलं होतं की पाणी घातल्यावर सात दिवसांच्या आत संपवा. मी ते वाचलं होतं. लोक म्हणतात, म्हातारीला कळलं नसेल. कळलं होतं. वाचून मी मनात म्हटलं, नवी बाटली खपावी म्हणून लिहितात मेले. एक चमचा दिला. गुरुवारी सकाळी दुसरा, संध्याकाळी सून घरी यायच्या आत तिसरा. गुरुवारी ताप जरा उतरला. मी इतकी खूश झाले की गल्लीत दोघींना सांगून आले, फक्त घरात नाही सांगितलं. शुक्रवारी सून घरूनच काम करत होती, ती आतल्या खोलीत गेल्यावर स्वयंपाकघरात ओट्याआड उभी राहून चौथा दिला. चमचा लगेच विसळून ठेवला. चोर कसा ठसा पुसतो, तसा.

दोनेक तास गेले असतील. मी तिला मांडीवर घेऊन रव्याची पेज भरवत होते. अंग एकदम पुन्हा तापलं, इतकं की माझी मांडी भाजायला लागली. आणि तिनं माझ्याकडे बघायचं सोडलं. डोळे वर गेले, मान मागे, हातपाय काठीसारखे ताठ, मग झटके. ओठ निळे. तोंडातून पेज आणि फेस एकत्र वाहायला लागला. माझं लुगडं खालून ओलं झालं. मी कशी ओरडले मला आठवत नाही, सून धावत आली एवढं आठवतं, तिच्या गळ्यात हेडफोन लटकत होते आणि त्यातून कुणीतरी बोलतच होतं.

वरची अक्का जिन्यावरून चिरलेला कांदा घेऊन उतरली आणि तिनं तो पोरीच्या नाकाशी धरला. मी चमच्याचा दांडा तिच्या दातांत घालत होते, दातखीळ बसू नये म्हणून. आमच्याकडे असंच करायचे. ओठ फाटला, रक्त आलं. सुनेनं माझं मनगट धरलं. "आई, काढा तो. तोंडात काही घालायचं नसतं." तिनं कांदाही बाजूला केला, पोरीला कुशीवर वळवलं, आणि घड्याळाकडे बघत बसली. मला वाटलं, ही बाई आहे का कोण, लेकीला झटके येतायत आणि ही घड्याळ बघते. ती मिनिटं मोजत होती. दोन मिनिटांच्या वर गेलं आणि थांबलं. पोर गळून पडली, मग रडली. कांदा, आंबलेली पेज, रक्त, मूत, त्या चटईला जो वास आला तो अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. ती चटई मी धुतली नाही, टाकून दिली.

मुलांचं हॉस्पिटल फार लांब नाही, पण पीण्याच्या त्या लॉऱ्यांच्या गर्दीत गाडी मुंगीसारखी चालली. पोचेपर्यंत पोर जागी झाली होती. आईला ओळखत होती, पाणी मागत होती. तिथली डॉक्टरबाई तरुण, आपली कन्नडच मुलगी. सुनेशी इंग्रजीत बोलायची, माझ्याकडे वळून कन्नडमध्ये "अज्जी, घाबरू नका" म्हणायची. तिनं सगळं तपासलं. घसा, कान, छाती. पोरीची हनुवटी छातीला टेकवून बघितली, मान कडक आहे का म्हणून.

मग तिनं आम्हाला नीट समजावलं. सुनेला सांगून झालं की तेच मला कन्नडमध्ये सांगायची, म्हणून तर मला सगळं समजलं. म्हणाली, या वयात तापात अशी आकडी पुष्कळ मुलांना येते, दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा मुलाला काही होत नाही. आम्हाला बघायचं असतं ते एवढंच, की तापाचं मूळ मेंदूच्या आवरणात तर नाही ना. शंका आली तर पाठीच्या मणक्यांच्या मधून सुई घालून आतलं पाणी थोडं काढून तपासतो. मूल अगदी लहान असेल, लसी चुकल्या असतील, मान कडक असेल, मूल ग्लानीत असेल तर. हिचं तसं काही नाही, लसी वेळेवर आहेत, पोर ताजी आहे. आणि अजून एक, मुलाला आधीच अँटिबायोटिक चालू असेल तर आम्ही जास्त जपतो, कारण आत आजार असला तरी ते औषध त्याच्या खुणा झाकतं. मूल बरं दिसतं आणि आत आग चालू असते.

तिनं पेन उघडलं आणि विचारलं, गेल्या काही दिवसांत कुठलं अँटिबायोटिक दिलंय का?

सून म्हणाली, नाही, फक्त तापाचं.

डॉक्टरीण लिहायला लागली. मी तिथेच होते, पलंगाच्या पायथ्याशी, पोरीचे मोजे हातात घेऊन. काही बोलले नाही.

का बोलले नाही ते सांगते, आणि यातलं चांगलं दिसणारं कारण आधी सांगते, कारण मी स्वतःलाही तेच सांगत होते. आमच्या खेड्यात माझ्या लहानपणी एका मुलाच्या पाठीतलं पाणी काढलं होतं, तो पुढे उठून चालला नाही. सगळं गाव म्हणायचं, सुईनं पांगळा केला. तो आधी महिनाभर आजारानं निपचित पडला होता हे कोणी म्हणायचं नाही. मी मनाला समजावलं, माझ्या नातीचे पाय मी वाचवतेय. पण खोटं होतं गं ते. पायांची भीती होती, नाही असं नाही. त्याहून मोठी भीती ही की सून माझ्याकडे वळून बघेल. तो ओट्याआडचा चमचा तिला दिसेल. वीस महिन्यांचं पोर एका बाजूला आणि माझा मान दुसऱ्या बाजूला, आणि मी मान उचलला.

डॉक्टरीण म्हणाली, संध्याकाळपर्यंत ठेवून बघू, ठीक राहिली तर घरी जा. मुलगा ऑफिसातून आला, त्याला सुई लागणार नाही हे कळलं तेव्हा त्यानं भिंतीला टेकून डोळे मिटले. पुण्याहून विहीणबाईंचा फोन आला. त्यांनी फोन माझ्याकडे द्यायला सांगितला आणि म्हणाल्या, तुमच्यासारखं अनुभवी माणूस घरात आहे म्हणून आम्ही निर्धास्त असतो हो. मी "हो, हो" म्हटलं. त्या "हो, हो"ची मला आजही ओकारी येते. कॅन्टीनमधून मुलानं इडली आणली. मी खाल्ली. दोन खाल्ल्या. तोंड पुसलं. खायला जमलं मला.

दुपार अशीच गेली. पोर बिस्कीट खायची, पुन्हा पेंगायची. पेंगली की मी तिच्या चेहऱ्याकडेच बघत बसायची. ही ताज्या पोराची झोप आहे की ग्लानी? औषध खुणा झाकतं, डॉक्टरीण म्हणाली होती. मी वाकून तिची मान हळूच पुढे करून बघायची, कडक लागते का म्हणून, जसं काही मला त्यातलं कळत होतं. चाळीस वर्षं गल्लीला औषधं सांगितली मी, आणि पोराची मान कडक म्हणजे केवढी कडक, हे मला माहीत नव्हतं.

चारच्या सुमाराला तिनं ओकारी काढली. माझ्याच अंगावर. दूध, बिस्कीट, आणि मला त्यात संत्र्याचा वास आला. सकाळचं औषध इतक्या उशिरा येतं का पोटातून? नसेलही येत. कुणाला आला नाही तो वास, फक्त मला आला. नर्स कापूस घेऊन माझा पदर पुसायला आली, "परवागिल्ला अज्जी," काही हरकत नाही, म्हणाली. ती ज्या मायेनं पुसत होती ना, ते मला सहन होईना. मी उठले आणि डॉक्टरणीच्या टेबलाशी गेले.

आणि तिथेही मी काय केलं बघ. सून दोन हातांवर उभी होती. तिला कन्नड येत नाही, भाजीवाल्यापुरतं स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे ठीक, एवढंच. हे मला चांगलं माहीत होतं. म्हणून मी कन्नडमध्ये बोलले. हळू नाही, चांगलं मोठ्यानं, सुनेच्या समोर, तिला कळणार नाही अशा भाषेत. मी दिलंय, म्हटलं, दुसऱ्याच्या मुलाची उरलेली बाटली होती, बुधवारपासून चार चमचे. वाटलं, पोरीचं काम होईल आणि माझंही झाकलेलं राहील. डॉक्टरीण आपलं आपण काहीतरी कारण सांगून तपास करेल.

ती माझ्यावर चिडली नाही. तिनं पेन खाली ठेवलं, किती दिलं, कधी दिलं, शेवटचं किती वाजता, बाटलीवर नाव काय, सगळं विचारून घेतलं. नाव मी पाठ सांगितलं, अक्षरन् अक्षर. लेबलं वाचायला मी शिकले होते ना. सून आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती, "काय झालं आई, काय म्हणतायत त्या?" मग डॉक्टरीण मला कन्नडमध्येच म्हणाली, "अज्जी, सही त्यांची लागणार आहे. का ते त्यांना कळायला हवं. तुम्ही सांगता, की मी सांगू?"

मी म्हटलं, मी सांगते.

मराठीत ते वाक्य फार लांब झालं. कन्नडमध्ये दोन श्वासांत संपलं होतं. मराठीत मी बाटलीपासून सुरुवात केली, अक्काच्या नातवाच्या घशापर्यंत गेले, मग परत आले. शेवटी म्हटलं, "तुला न सांगता मी तिला औषध दिलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही गप्प बसले."

 ती फक्त म्हणाली, "सकाळपासून?" म्हणजे मी सकाळपासून गप्प बसले का, असं. मी मान हलवली. तिनं तोंड फिरवलं आणि कागदावर सही केली.  

सुई टोचताना आम्हाला बाहेर थांबवलं. पडदा होता, आणि पडद्याला खालून हातभर फट. मला दिसलं ते एवढंच, दोन नर्सांचे पाय, डॉक्टरणीचे पाय, आणि आवाज. मुलीला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी आणून गोळा करून धरतात, हलू देत नाहीत. आधी जागा बधिर करायचं मलम लावलं होतं, तरी ती रडली. दुखण्यापेक्षा धरून ठेवल्याचं रडणं होतं ते, कळतं आपल्याला. "अज्जी" म्हणून ओरडली. आईला नाही हाक मारली. मी दिवसभर सांभाळते ना, सवयीनं माझं नाव आलं. सून शेजारी उभी होती, तिनंही ऐकलं.

थोड्या वेळानं डॉक्टरीण बाहेर आली, हातात तीन छोट्या काचेच्या बाटल्या. पाणी थेंब थेंब पडतं, म्हणाली, घाई करता येत नाही. तळहातभर काचेत इतकंसं पाणी. स्वच्छ. उकळून गाळून ठेवलेल्या पाण्यासारखं. पू असला की गढूळ येतं, हे चांगलं दिसतंय, पण नुसतं दिसण्यावर आम्ही जात नाही, आत पेशी किती, साखर किती, ते मोजल्याशिवाय सांगणार नाही, असं ती म्हणाली. मी त्या बाईकडे बघत राहिले. हिला समोर स्वच्छ पाणी दिसतंय आणि ही म्हणते दिसण्यावर जात नाही. मी लेबल वाचूनही खरं मानलं नव्हतं.

बाटल्या लॅबमध्ये मुलानंच नेल्या, वॉर्डातला माणूस दुसरीकडे गेला होता आणि वेळ घालवायचा नव्हता. पोरीला तास-दीड तास सरळ निजवून ठेवलं. ती झोपली. सुनेनं तिचे पाय मांडीवर घेतले होते आणि एकेक बोट हलवून बघत होती. तिच्याही कानावर कधीतरी असलीच गोष्ट पडली असणार, पांगळ्या मुलाची. मला तिला सांगावंसं वाटलं की काही होत नाही. पण माझ्या सांगण्याला त्या खोलीत काय किंमत होती?

उठल्यावर पोरीनं दोन्ही पायांनी पांघरूण लाथाडलं. संध्याकाळी निकाल आला. पेशी ठीक, साखर ठीक. तरी त्या पाण्यात जंतू वाढतात का ते बघायला दोन दिवस लागतात, तोवर हाताच्या शिरेतून औषध देत ठेवून घेतलं. काही वाढलं नाही. ताप साध्या कुठल्या विषाणूचा होता, आपोआप उतरला. म्हणजे माझ्या गुलाबी औषधाचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. गुरुवारी जो उतरला तो त्याच्या मनानं उतरला होता, आणि मी गल्लीत मिरवून आले होते.

आता तुला वाटेल, सुटले. इथूनच तर घाण सुरू झाली.

विहीणबाईंचा फोन आला. मला वाटलं, आता त्या मला सोलून काढतील, आणि त्यांनी सोलावं असं मला वाटत होतं. त्या काय म्हणाल्या, "अहो, पाणी तर स्वच्छच निघालं. तुम्ही बोलला नसतात तर पोरीच्या पाठीत सुई गेली नसती." मुलगा म्हणाला, "आई, चार तास गप्प बसलीस ना, मग अजून दोन तास बसायचंस. घरी आलो असतो." हसत म्हणाला, चिडून नाही, ते जास्त वाईट. वरची अक्का म्हणाली, अशा गोष्टी डॉक्टरांना सांगायच्या नसतात, ते लगेच काहीतरी काढतात. आणि तुझ्या त्या बारशातल्या बायका. डॉक्टरांना न विचारता, पोर न तपासता, दुसऱ्याची आंबलेली बाटली पाजली, यावर एकीनंही नाक मुरडलं नाही. सगळ्यांची नाकं मुरडली ती मी खरं बोलले यावर. मला कोणी हात धरून म्हणालं नाही, बाई, तू हे काय केलंस. सगळे म्हणाले, बाई, तू हे का सांगितलंस. शी. मला माझी किळस होतीच, या सगळ्यांचीही यायला लागली. गल्लीतल्या बायका तर माझ्याच हाताखाली शिकल्या होत्या गं, त्यांना दुसरं काय येणार?

घरी आल्यावर सून माझ्याशी कामापुरतं बोलायची. तिनं सुट्टी काढली होती. चौथ्या दिवशी दुपारी पोर झोपल्यावर ती वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, आजपर्यंत तिला अजून काय काय दिलंय? सगळं सांगा. मला डॉक्टरांना दाखवायचंय."

आधी मी म्हटलं, काही नाही गं. तिनं पेन खाली ठेवलं नाही. मग मी सांगायला लागले. दात येताना उगाळून चाटवलेली मुळी, कुठली ते मलाच नीट माहीत नव्हतं. पोट दुखलं तेव्हा एरंडेल. एकदा रात्रभर खोकत होती म्हणून मोठ्यांच्या खोकल्याचं औषध, अर्धा चमचा, त्यानं ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली आणि मी सगळ्यांना सांगितलं होतं की पोर किती शहाणी आहे. जुलाबाची कुणाची तरी गोळी, चुरून, पाव. ती लिहीत होती. मी सांगत होते आणि माझेच शब्द माझ्या कानांवर घाणेरड्या पाण्यासारखे पडत होते. एका लहान पोराच्या पोटात मी हे सगळं ओतलं होतं, माया म्हणून. पान भरलं. तिनं उलटलं.

खोकल्याच्या औषधाशी ती थांबली होती. पेन धरलेला हात तोंडावर ठेवून क्षणभर बसली. मग म्हणाली, "पुढे."

सगळं सांगून झाल्यावर ती उठली, मोठी पिशवी आणली आणि फ्रिजचा तो कप्पा उघडला. मी म्हटलं, मी करते. ती म्हणाली, दोघी करू. एकेक बाटली काढताना हात चिकट होत होते. ती गुलाबी बाटली मी उघडून हुंगली. वरून संत्रं आणि खाली काहीतरी नासलेलं, आंबूस, ओल्या फडक्यासारखं. तळाशी गाठी. इतके दिवस मी ती हुंगली नव्हती, नुसती वाचली होती. मला भडभडून आलं आणि मी बेसिनशी धावले. सून मागून आली, पाठीवर हात ठेवला नाही, पण नळ सोडला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

गल्लीतल्या बायका अजून येतात. मी सांगते, डॉक्टरांकडे जा, आणि घरात जे काही दिलं असेल ते सगळं त्यांना सांगा, लाज वाटली तरी सांगा. एकजण तोंडावर म्हणाली, सुनेनं अक्काला घाबरवून ठेवलंय. म्हणू दे.

पंधरा दिवसांनी सुनेची सुट्टी संपली. पाळणाघराचं ती बघत होती, मला ठाऊक होतं, दोनदा फोनवर बोलताना ऐकलं होतं. नको म्हणायचं तोंडच मला नव्हतं. सोमवारी सकाळी ती ऑफिसची पिशवी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "आई, ताप वाटला तर काय कराल?"

मी म्हटलं, "मोजेन. तुला फोन करेन. तू उचलला नाहीस तर परत करेन. तू सांगशील तेवढंच देईन."

"आणि चुकून काही दिलंत तर?"

"तर त्याच मिनिटाला सांगेन. मराठीत."

ती हसली नाही. पण पोरीला माझ्या कडेवर दिलं, आणि चपला घातल्या. जिन्यावरून तिच्या पावलांचा आवाज खाली गेला, मधेच थांबला, मला वाटलं परत येते. मग पुन्हा खाली गेला. मी पोरीला घेऊन तशीच दारात उभी होते. तो दिवस संपेपर्यंत मी तिला पाण्याशिवाय आणि वरणभाताशिवाय काही दिलं नाही, आणि दर दोन तासांनी सुनेला फोन केला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आई, ठीक आहे हो. मी मीटिंगमध्ये आहे."

तर हे असं झालं होतं. आता तू कुणाच्या तोंडून ऐकशील तेव्हा मान डोलवायची की नाही, ते तुझं तू ठरव. मी माझं सांगितलं, आणि यात माझं एकही चांगलं म्हणून मी पुढे केलेलं नाही. पण कागदावर हे ऐकून काय कळतं? पोरगी आता गच्चीच्या पायऱ्या धावत चढते, धरायला मी मागे पडते, तिला धरायला कोणीतरी हवं. रविवारी सून घरी असते, तिलाही तुला भेटायचंय, तिनं स्वतःहून विचारलं. सकाळच्या बसनं निघालीस तर जेवायला पोचशील. बाळाला घेऊन ये, आणि उशीर लावू नकोस गं, लवकर ये.